सेतूवरची अठ्ठेचाळीस माकडं

उदगीरचे आमचे शेजारी गुरपादअप्पा पाहुण्याला चहाच्या आधी माकडं मोजायला लावतात.

माकडं चित्रातली. अप्पांच्या घरी रामकथेची जुनी हस्तलिखित पोथी आहे. तिच्या एका पानावर वानरसेना सेतू बांधते आहे. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे. मग अप्पा उदबत्तीची उरलेली काडी देतात. ती कागदापासून बोटभर वर धरून मोजायचं. कुणी बोट पुढे केलंच तर अप्पा गरजतात, "बोट न्हाई, काडी!"

प्रत्येक माकड त्यांच्या ओळखीचं. रिकाम्या हातानं उभं राहून दुसऱ्यांना काम सांगणारं ते 'गुत्तेदार'. मागं वळून बघणारं, नवं लग्न झालेलं. मी घाई केली की म्हणतात, "दमानं, सर. पूल व्हायचाय अजून."

मी गणिताचा शिक्षक, जनगणनेला दोनदा घरोघर फिरलेला. माझी मोजणी सत्तेचाळीस, अप्पांची अठ्ठेचाळीस. मी उलटीकडून मोजलं, ओळी पाडून मोजलं. सत्तेचाळीसच.

"जनगणनेत बी असंच एक घर सोडून आलात का हो, सर?"

यंदा पोथीच्या कडांना कसर लागली. अप्पांच्या लेकीनं, शोभानं, पोथ्या दुरुस्त करणाऱ्या बाईंना हैदराबादहून बोलावलं. मीही गेलो होतो. बाई भिंग घेऊन पान बघत सेतूच्या टोकाशी थांबल्या. तिथं एक फिकट डाग होता.

"इथं छोटं माकड होतं. शेपटी उरलीय. म्हणाल तर रंग भरून देते."

मी हरलो होतो, तरी बरं वाटलं. अप्पांनी मात्र त्या जागेवर चक्क तळहात ठेवला.

"कडा करा. हे राहू द्या."

"अहो अप्पा, खराब दिसतंय," शोभा म्हणाली.

"दिसू दे. त्या लेकराच्या हातात दगड न्हाई म्हणून तुझ्या आईला त्याची लई माया. रोज पूजा झाली की त्याच्या डोक्यावरून बोट फिरवायची. चाळीस वर्षं वरडलो मी तिच्यावर. ऐकलं न्हाई."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. बाईंनी भिंग मिटलं.

कडा दुरुस्त होऊन पोथी परत आली, तेव्हा अप्पांनी मला हाक मारली. मी हात धुतले, काडी घेतली, मोजत मोजत सेतूच्या टोकाशी आलो. सत्तेचाळीस.

अप्पांनी हळूच माझ्या हातातली काडी काढून घेतली.

"इथं बोट चालतंय, सर."