आतून कडी नसलेला पलंग

"तू फक्त उशी घेऊन ये, बाकी सगळं माझ्यावर सोड," असं मिस्त्रींनी मेहुण्याला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

सोडण्यासारखंच होतं म्हणा. मिस्त्रींनी जन्मभर कपाटं केली. त्यांच्या कपाटाचं दार लावलं की आत उजेडाची रेघसुद्धा शिरत नसे. त्यांनी वाळूत चालणारी एक जुनी एसयूव्ही घेतली, मागच्या सीट काढल्या आणि तिथे पलंग बसवला. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळी खाचेत खाच.

हट्ट मुळात बायकोचा. एक रात्र वाळवंटात गाडीतच झोपायचं आणि पडल्या पडल्या सूर्य उगवताना बघायचा. तिने विषय काढला की मिस्त्री म्हणत, हातातली ऑर्डर संपू दे. ती संपेपर्यंत पुढची दारात उभी. गेल्या वर्षी तीच गेली. आता तिच्या वतीने तो सूर्योदय बघून यायचा, असं मिस्त्रींनी ठरवलं. सोबतीला तिचा धाकटा भाऊ. तो बँकेत कॅशियर आणि अंगाने तिजोरीएवढा. पलंग मात्र त्याच्या बहिणीच्या मापाचा.

दिवस मावळला आणि वारा सुटला. वाळू नाकातोंडात जायला लागली तसे दोघे मागच्या दाराने आत शिरले. मिस्त्रींनी दार ओढून घेतलं. ते इतकं घट्ट बसलं की मिस्त्रींना भरून आलं.

"भाऊजी, हे आतून उघडतं कसं?" मेहुण्याने सहज विचारलं.

मिस्त्रींनी दारावरून हात फिरवला. मागच्या दाराला आतून मूठच नव्हती. बाजूच्या दारांना होती, पण ती पलंगाच्या फळीखाली गेली होती. पुढच्या सीटवर जावं तर मध्ये उशाची फळी, धूळ येऊ नये म्हणून थेट छतापर्यंत नेलेली. काचांवर प्लायवूड. त्याला हवेसाठी बारीक भोकं, कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून कपाटाला पाडतात तशी. सगळी मापं मिस्त्रींनी बाहेर उभं राहून घेतली होती. कपाटात राहायला कोण जातं, की त्याला आतून कडी लावावी?

हत्यारांची पेटी अडचण नको म्हणून त्यांनी स्वतःच बाहेर वाळूत ठेवली होती. दोघांचे फोन पुढे चार्जिंगला होते. मिस्त्रींचा वाजायला लागला. लेकीचा असणार. आम्ही अडकलोय, असं दोघे फळीला तोंड लावून ओरडत राहिले. फोन उचलल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही, हे बऱ्याच वेळाने मेहुण्याच्या लक्षात आलं.

मग त्याने फळी फोडायची गोष्ट काढली. मिस्त्री नको म्हणाले. तिच्यासाठी केलेली फळी होती.

"ताई गेली, भाऊजी. फळीला काय लागतंय?"

मिस्त्रींनी सरकून जागा करून दिली आणि दोघांनी लाथा घातल्या. फळी जागची हलली नाही. मेहुणा धापा टाकत म्हणाला, कशाला एवढं घट्ट करता हो? मिस्त्रींना तेही ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दमून दोघे आडवे झाले. कूस बदलायची तर दोघांनी मिळूनच.

"ताई म्हणायची, वाळवंट नसलं तरी चालेल," मेहुणा अंधारात म्हणाला. "गच्चीवर चटई टाकली तरी चालेल. फक्त ह्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवावं."

"मला कधी म्हणाली नाही."

"म्हणाली असेल. करवत चालू असेल तुमची."

नंतर कोणाला झोप लागली नाही. उजाडल्यावर मिस्त्री एका भोकाला डोळा लावून बसले. काचेवर वाळूचा थर होता. दिसतोय का, मेहुण्याने विचारलं. ठिपका दिसतोय, मिस्त्री म्हणाले.

ऊन चांगलंच तापल्यावर दार बाहेरून उघडलं. आदल्या दुपारी दोघे जिथे जेवले होते, त्या खाणावळीच्या मालकाला लेकीने फोन करकरून पिटाळलं होतं. त्याने या दोघांकडे पाहिलंच नाही. पलंगाच्या सांध्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "मलाही असाच हवाय. आठ दिवसांत जमेल?"

जमेल की, हे मिस्त्रींच्या ओठांवर आलंच होतं. मेहुणा नुसता बघत होता.

"दुकान बंद आहे," मिस्त्री म्हणाले.

मग दोघे आणखी एक रात्र राहिले. मेहुण्याने दार दोरीने उघडं बांधलं आणि स्वतः बाहेर वाळूवर अंथरूण घातलं. सकाळी सूर्य अगदी दारासमोर वर आला. मेहुण्याने हाका मारल्या, पाय हलवून पाहिला. आदल्या रात्रीचं जागरण होतं, आणि पलंगही उत्तम झाला होता. अर्धी जागा मोकळी सोडून, एका कडेला अंग चोरून मिस्त्री घोरत होते. शेवटी मेहुणा त्या मोकळ्या जागेवर टेकला आणि बघत बसला.

मिस्त्री उठले तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं. बराच वेळ ते पांघरुणाची घडी घालत राहिले.

"कसा होता?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मेहुण्याने जरा विचार केला.

"गोल होता, भाऊजी."