आपुन कशात मोडतो?

कात्रजला आमच्या सिंधूमावशींच्या गच्चीवर कपडे पाळीपाळीने वाळत. दोरीवर एका वेळी एकाच कुटुंबाचे वाटतील एवढेच कपडे दिसले पाहिजेत, असा त्यांचा कडक नियम होता. मधोमध त्यांच्या वारलेल्या यजमानांचा एक सदरा मात्र कायम. "गडीमानूस दिसला पायजे घरात," असं त्या म्हणत. उन्हाने तो सदरा इतका विरला होता की त्यातून पलीकडची टेकडी दिसायची.

मी यवतमाळची. स्वारगेटजवळच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि मैत्रिणीच्या ओळखीने मावशींच्या घरी भाड्याने एक कॉट मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी गरम पाण्याची वेळ सांगायच्या आधी मला आमचं नातं सांगितलं.

"कुनी इचारलं तर तू माझी भाची. धाकट्या बहिनीची."

"तुमची बहीण कुठे असते?"

"मला बहीनच न्हाई. पन यवतमाळपर्यंत बघाया कोन जातंय?"

लातूरची स्नेहा पुतणी झाली. आसामची रीमा राहायला आली तेव्हा मात्र मावशींची झोप उडाली. शेवटी तिला त्यांनी जावेच्या माहेरची ठरवलं आणि सांगितलं, "तू बोलू नगंस. नुसती हास." तेव्हापासून रीमा जो दिसेल त्याच्याकडे बघून हसायची. कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला कोथिंबीर फुकट द्यायला लागला.

या सगळ्या खटाटोपामागे एकच भीती होती. मावशींच्या खऱ्या पुतण्याने त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं की सरकारदरबारी प्रत्येक धंद्याचा एक वर्ग असतो. हॉटेल वेगळं, लॉज वेगळा, वसतिगृह वेगळं, घरातली खोली भाड्याने देणं आणखी वेगळं. वर्ग बदलला की कर बदलतो, विजेचं बिल बदलतं, परवाना बदलतो. पुतण्या दाखवून निघून गेला. मावशींच्या मनाला भुंगा लागला तो कायमचा.

"आपुन कशात मोडतो गं?" भाजी निवडता निवडता त्या एकदम विचारायच्या. "लॉज म्हनावं तर लाज वाटती. होस्टेल म्हनावं तर शाळा कुठाय? हाटेल म्हनावं तर माझ्या हातची आमटी खाऊन कोन परत येईल?"

आमटीबद्दल त्यांचं मत अगदी बरोबर होतं.

"कशात मोडतो ते ठरायच्या आत मीच मोडायची बघ," असं म्हणून त्या पुन्हा मेथीकडे वळत.

बेल वाजली की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. कुरिअरवाल्याला त्या आधी खिडकीतून न्याहाळत, मग विचारत, "सरकारी न्हाईस ना?" आम्ही पोट धरून हसायचो.

मग एका सकाळी मागच्या गल्लीतलं मुलींचं होस्टेल बंद झालं. जिना अडलेला, परवाना नाही, असं काहीसं कारण होतं. मी कामाला निघाले तेव्हा मुली बॅगा, बादल्या, गुंडाळलेल्या गाद्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यातली एक फोनवर सांगत होती, "सगळं ठीक आहे गं आई." संध्याकाळी रीमाने विचारलं, "दीदी, हमको भी निकालेंगे?" त्या दिवसापासून बेल वाजली की आम्हीही आधी खिडकीतून डोकवायचो.

आणि रविवारी दुपारी ती बेल वाजलीच. दारात एक बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"महापालिकेच्या सर्वेक्षणासाठी आलेय. घरात कोण कोण राहतं?"

मावशींनी माझं मनगट धरलं.

"भाच्या," त्या पुटपुटल्या.

पाहुणी आली असं वाटून रीमा जिना उतरली आणि शिकवल्याप्रमाणे छान हसली.

"ही पण भाची?"

"जावंच्या म्हायेरची."

"माहेर बरंच लांब दिसतंय," बाई म्हणाल्या.

मावशी मटकन उंबऱ्यावरच बसल्या. "न्हाई वो बाई. नात्याचं कुनी न्हाई. भाड्यानं ऱ्हात्यात. मला काय करायचं ते करा, पन पोरींना भाईर काढू नका. यांच्या आया माझ्या भरवशावर हायेत."

मला वाटलं, संपलं आता. मनातल्या मनात मी बॅग भरायलाही लागले होते. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, जेवण देता का? मुली महिन्याच्या भाड्याने राहतात की दिवसाच्या? मावशी एकेक उत्तर देत गेल्या, कोर्टात उभं राहिल्यासारख्या.

"जास्त दिवसांचा निवास, जेवणासह," बाई टॅबवर बोट फिरवत म्हणाल्या. "याला वेगळा वर्ग आहे. नोंदणी करून घ्या."

"म्हंजे लॉज न्हाई?"

"लॉज नाही. चला, वरचं दाखवा."

जिन्याच्या मधल्या वळणावर त्या थांबल्या. तिथे अर्धी वाट अडवून एक लोखंडी कॉट होती. "ही आजच हलवा. आग लागली तर मुली उतरणार कुठून? ही इथे राहिली तर मला ‘बंद करा’ असंच लिहावं लागेल. कोणाची आहे?"

"माझी."

"खाली तुमची अख्खी खोली रिकामी आहे की."

मावशी जिन्यावर पाळत ठेवायला झोपतात, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खाली लई सुनं वाटतं. मालक गेल्यापास्नं त्या खोलीत माझ्याबिगर कुनी खोकत बी न्हाई. हितं पोरींचं बोलनं ऐकू येतं, मंग डोळा लागतो."

बाईंचं बोट टॅबवर थबकलं. "तरी हलवा, मावशी," त्या हळूच म्हणाल्या.

त्या गेल्यावर स्नेहा, रीमा आणि मी कॉट उचलली आणि कोणी काही न ठरवता वर आमच्या खोलीत नेली. माझं टेबल गॅलरीत काढून ती खिडकीशी लावली.

"आगं, माझ्या घोरन्यानं तुमची झोपमोड हुईल," मावशी दारातून कुरकुरल्या. मग "कशी लागती बघती जरा," म्हणून आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

आम्ही कुजबुजत बोलू लागलो. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "हळू कशाला बोलताय? बोला की मोठ्यानं."