फुटण्याची तारीख

एप्रिल १९८३, रविवार सकाळ, शेजारचा ओटा. हजर : बाबारावजी, त्यांचं उघडं पोट, त्या पोटावर हात ठेवून डोळे मिटलेले गिरणीवाले कृष्णाजी आणि मी. गैरहजर : अक्कल.

"धडधडून राहिलं का नाही?" बाबारावजींनी विचारलं.

"जोरात!" कृष्णाजी म्हणाले.

"मंग कधी फुटते?"

"पोळ्यापर्यंत काही होत नाही जी."

बाबारावजी रेल्वेतून रिटायर झालेले. भाकीत हा त्यांचा जुना छंद. कुणाचा माठ असो, सायकलची ट्यूब असो की ठरलेली सोयरीक, शेरा एकच : "हे फुटते, पाहा." बहुधा फुटायचं नाही. मग ते त्या माठावरच रुसायचे. यंदा देवानं सोय थेट त्यांच्या पोटात केली. हृदयाकडून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी बेंबीपाशी फुगली, चांगली संत्र्याएवढी.

डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. ते म्हणाले, "फुगा जितका मोठा, तितका धोका जास्त. तुमचा मोठा आहे. ऑपरेशन करून घ्या. पोट कुणाला दाबू देऊ नका."

"पण फुटते कधी?"

"ते नेमकं कुणीच सांगू शकत नाही."

"इतकं शिकून? बरं, महिना सांगा. तारीख मी काढतो."

बाहेर येताच निकाल लागला : "डॉक्टर कच्चा आहे." तेव्हापासून ओट्यावर तज्ज्ञांचं मंडळ भरतं. पोट चाचपायचं, चहा प्यायचा, तारीख द्यायची.

कृष्णाजी उठून गेल्यावर मी तडकलो. "तारखेचं काय करता, बाबारावजी? पत्रिका छापायच्या आहेत का?"

त्यांनी बंडी खाली ओढली. "वामन भिलाईले राह्यते. पोराले सुटी भेटत नाही गा. मागं ताप आला, तं मी तार केली. तो येईस्तोवर मी बरा! इथंच बसून चिवडा खाऊन राहिलो होतो. आल्या पावली परत गेला बिचारा. आता एकडाव बोलवीन. बरोबर दिवशी."

मी म्हटलं, "ऑपरेशनची तारीख आधी ठरते. डॉक्टर स्वतः देतात."

"पक्की?"

"पक्की."

"मंग आधी काहून नाही सांगतलं गा!"

बुधवार मिळाला. खाट ठरली, रक्ताला मी आणि कृष्णाजी, डबा आमच्याकडून. भिलाईची तार तेवढी राहिली आहे. 'बुधवारी ऑपरेशन, ये' एवढंच मी लिहितो, आणि बाबारावजी दर वेळी त्यात 'सुटी भेटली तं' घालायला लावतात.