दौलतरावांच्या ट्रकचं मिसिंग

रतनसिंग भंगारवाला ट्रकभोवती फिरून पत्रा बोटाने ठोकून बघत होता आणि त्याची प्रत्येक टिचकी दौलतरावांच्या काळजावर बसत होती.

"गाडी म्हणून घेऊ का वजनानं घेऊ, वयनी?" त्याने विचारलं. ट्रक दौलतरावांचा होता, पण रतनसिंगला माणसं कळत होती.

"जास्त कायचे येतात?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"वजनाचे."

दौलतरावांनी मान फिरवली. अंगणात पाण्याचा ड्रम बुडाशी ठिबकत होता, तिकडे ते उगाच बघत बसले. केनवडच्या या घरात ट्रक आधी आला होता आणि मुलगा हरीओम नंतर. दोघांपैकी कोणाचा लाड जास्त झाला, हे गावात कोणीही सांगितलं असतं.

उन्हाळा लागला तेव्हापासून ट्रकने मिसिंग मारायला सुरुवात केली होती. गावाबाहेर थोडं अंतर नीट जायचा, मग झटके द्यायचा, खोकायचा आणि चढावर पार मान टाकायचा. फुलचंद मिस्त्रीने फिल्टर बदलला, गाडी गुरगुरत चालू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकली. त्याने नोझल काढून साफ केले, पुन्हा ठणठणीत. आसेगावच्या भाड्याला निघाली आणि अर्ध्या वाटेत बसली. शेजारच्या जगदेवने नजर लागली म्हणून बोनेटवरून लिंबू उतरवलं, तर त्या लिंबानेही गाडी चालू झाली. तेव्हापासून जगदेव फुलचंदशी बरोबरीने बोलू लागला.

गाडीतला डिझेलचा काटा कधीच मेला होता. त्यामुळे जो कोणी ट्रकला हात लावे तो आधी "डिझल हाय का?" म्हणून टाकीचं झाकण उघडायचा, कडुलिंबाची काडी बुडवून बघायचा, झाकण लावायचा आणि मग आपला इलाज सुरू करायचा.

दौलतरावांनी मात्र कोणाला सोडलं नाही. पंपवाल्याने भेसळ केली, फुलचंदचा हात जड, हरीओम क्लच दाबून चालवतो. "माह्या हातानं हे गाडी कधी बिघडली नाही," हे ते रोज सांगायचे.

"बाबा, पिकअप घेऊ," हरीओम म्हणायचा.

"पिकअपले काय समजते वजन?"

शेवटी रुख्मिणीबाईंनीच निकाल दिला. "हळद रिसोडले न्याची हाय नं? मीबी येईन. वाटेत कुठी थांबली नाही, तर गाडी राह्यली तुमची. थांबली, तर तिथूनच रतनसिंगले फोन."

दौलतरावांनी सकाळी ट्रक धुतला, हार घातला, नारळ फोडला. हळद लादली. रुख्मिणीबाई मांडीवर पिशवी आणि पिशवीवर मोबाईल ठेवून शेजारी बसल्या. गाव सुटलं, गाडी अगदी शहाण्यासारखी पळत होती. दौलतराव गुणगुणू लागले. आणि चढ लागताच ट्रकने एक झटका दिला, मग दुसरा, आणि काळा उसासा टाकून तो रस्त्याच्या कडेला गप्प झाला.

"थांबली," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"थांबली नाही. मी थांबवली. डिझल पाहाचं हाय."

"पाहा. तवर मी नंबर धुंडतो."

दौलतराव उतरले. हा ट्रक गेला तर सकाळी उठून कशाकडे बघायचं, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. सवयीने त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. एरवी भोवती चार सल्लागारांचा गलका असायचा. आज रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झाकण सैल होताच टाकीने 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली, अगदी गळा दाबलेल्या माणसाला मोकळं केल्यासारखी.

त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. मधल्या बारीक भोकात पांढरी लांबी, गळती बुजवायची पुट्टी, गच्च भरलेली होती आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता. तो अंगठा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. ऊन तापायला लागलं तेव्हा या भोकातून डिझेल वाफ होऊन उडून जातं, हा शोध त्यांना लागला होता, आणि ड्रमची गळती बंद करायला रुख्मिणीबाईंनी आणलेली लांबी त्यांनीच गुपचूप इथे चोपडली होती. हवाच आत जात नव्हती तर डिझेल इंजिनापर्यंत पोचणार कसं? फिल्टरने नाही, लिंबानेही नाही, दरवेळी गाडी झाकण उघडल्यानेच चालू झाली होती.

ते खिडकीशी आले. "अवं, केसातली पिन दे बरं."

"कायले?"

"इंजनाचं काम हाय."

रुख्मिणीबाईंनी पिन दिली. दौलतरावांनी भोक कोरून मोकळं केलं, इंजिनाचा हातपंप मारून डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढली आणि चावी फिरवली. ट्रक असा डरकाळला की हार तुटून पडला. पुढे रिसोडपर्यंत तो खोकला नाही, शिंकलासुद्धा नाही.

"काय बिघाड व्हता?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"लय आतला व्हता. फुलचंदले जलमात सापडला नसता."

रुख्मिणीबाईंनी पिन परत घेतली. टोकाला पांढरा चुरा चिकटलेला होता. त्यांनी तो नखाने काढला, बोटांत चुरडला आणि पिन केसात खोचली. बाजारात काट्यावर हळदीचं वजन झाल्यावर त्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी जगदेव बातमी ऐकून आला, तर दौलतराव अंगणात ड्रम आडवा करून बुडाला लांबी चोपडत होते.

"मंग दौलतभाऊ, लिंबानंच झालं नं काम?"

दौलतरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. रुख्मिणीबाई तिथे चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"व्हय," दौलतराव म्हणाले. "तुह्याच लिंबानं झालं."

जगदेव छाती फुगवून गेला. रुख्मिणीबाईंनी कप ड्रमशेजारी ठेवला आणि वाकून काम पाहिलं.

"चांगलं करून राह्यले," त्या म्हणाल्या. "फक्त तोटीचं भोक तेवढं ठेवजा."