हिवरमाळ केंद्राच्या वाण-प्रसाराची यशोगाथा

ज्या संस्थेला भेट द्यायला कोणी येत नाही तिथं काम होतं, आणि काम होऊ लागलं की कोणीतरी भेट द्यायला येतंच. निसर्ग आपला समतोल असा राखतो.

सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी माळावरच्या हिवरमाळ ज्वारी संशोधन केंद्राकडे बरीच वर्षं कोणी फिरकलं नव्हतं. त्यामुळे केंद्रप्रमुख मंगलताईंच्या हातून एक वाण तयार होत आला होता. पाण्यावाचून तग धरणारा शाळू. गेल्या साली पावसानं पाठ फिरवली तेव्हा जगला तेवढ्याचं मूठभर बी निघालं, आणि ते सगळंच्या सगळं ताईंनी यंदा एका वाफ्यात पेरलं होतं. कणसं वाळून बी हाती आलं की वाण शेतकऱ्यांकडे जायचा आणि मे महिन्यात ताई निवृत्त व्हायच्या, असा साधा बेत होता. शेजारच्या वाणाचा पराग मिसळू नये म्हणून फुलोऱ्यातच त्यांनी निवडक कणसांवर कागदी पिशव्या बांधल्या होत्या. पाखरांवर गोफण घेऊन अर्जुना राखणदार होता.

अशात नवे संचालक यशराजसाहेब आले आणि त्यांनी ‘संचालक थेट वाफ्यावर’ हे अभियान सुरू केलं.

ताई नोकरीला लागल्या तेव्हाचे संचालक एसटीनं येत. चपला बांधावर काढून वाफ्यात उतरत, तण दिसलं तर शिवी देत आणि डब्यातली भाकरी खाऊन शेवटच्या गाडीनं परत जात. (जनसंपर्काचं शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं.)

अभियानाचे समन्वयक सयाजीराव यांचा साताऱ्याहून फोन आला.

“मॅडम, पाचगणीच्या केंद्रानं स्ट्रॉबेरी दिली, मेढ्यानं नाचणीची भाकरी. आपण काय द्यायचं?”

“आपण निष्कर्ष देऊ.”

“अहो, खायला काय?”

परिपत्रकानुसार पाहुणचार केंद्राच्या स्वतःच्या उत्पादनातूनच करायचा होता (काटकसर). वाहनतळासाठी बाकीचे वाफे सपाट केले होते (स्वागत). उभं पीक उरलं होतं ताईंचं, आणि ते ऐन हुरड्यात होतं.

ताईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांची आई, हरणाबाई, मेंढरांमागं जन्म घालवलेली बाई, सांगायची, “हुरड्याच्या दिसांत रानात आल्याला तसंच माघारी धाडू न्हाई, पोरी. पीक रुसतंय.” ताई शास्त्रज्ञ होत्या, तरी लेक आईच्याच होत्या. शिवाय वाफ्याच्या कडेच्या ओळी चाचणीत धरत नाहीत. एका संचालकाला त्या पुरल्या असत्या.

संचालक एकटे आले नाहीत. उपसंचालक आले, त्यांच्या सौ. आल्या, सौंच्या भगिनी माधवनगरहून आल्या, छायाचित्रकार दोन आले (दुसरा पहिल्याचे फोटो काढायला). गोवऱ्यांची आगटी पेटली. लसणीची चटणी, गूळ, कवडीचं दही. कडेच्या ओळी भाषणाआधीच संपल्या.

सयाजीराव विळा घेऊन आत शिरले तेव्हा ताई अर्जुनाकडे धावल्या. “अर्जुना, अरे, अडव की त्यांना!”

“आवं ताई, पगार पाखरं हाकलायचा हाय. सायबं हाकलायचा न्हाई.”

पिशव्या बांधलेली कणसं पाहून तर साहेब थक्क झाले. “पार्सलसुद्धा तयार! याला म्हणतात नियोजन!”

ताई म्हणाल्या, “साहेब, ते बियाण्याचं...”

“लाजू नका हो. चांगल्या कामाचं श्रेय घ्यायला शिका.” साहेबांनी गरम दाणे तळहातावर चोळून तोंडात टाकले. “गोड आहे! वैशिष्ट्य काय याचं?”

“दुष्काळात टिकतो, साहेब.”

“मग याचा प्रसार ताबडतोब झाला पाहिजे.”

तो झाला. पिशव्यांतली कणसं सांगली, कऱ्हाड, सातारा आणि पुण्यापर्यंत पोचली. वार्षिक अहवालात ‘नव्या वाणाचा दोन दिवसांत तीन जिल्ह्यांत प्रसार, लाभार्थ्यांचे समाधान शंभर टक्के’ अशी नोंद झाली, आणि हिवरमाळला उत्कृष्ट केंद्राची ढाल मिळाली. वाफ्यात धाटं उरली. ती अर्जुनाच्या शेळ्यांनी खाल्ली. त्यांचं समाधान नोंदवायचं राहून गेलं.

मे महिन्यात निरोप समारंभ झाला. ताईंनी आयुष्यभर खपून काय केलं, यावर साहेब मनापासून बोलले. त्यांना चव आठवत होती.

आता ताई गावी असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकिकत सांगतात. ऐकणारा हळहळतो, साहेबांना नावं ठेवतो, “देशाचं कसं व्हायचं” म्हणतो. मग जरा थांबून, चौकशी करावी तसं विचारतो, “पण मंगलताई, तसला हुरडा आता कुठं मिळंल?”

तुम्ही मात्र तसे नाही. तुमच्या तोंडाला मघाशी जे पाणी सुटलं, ते अर्थातच बियाण्याच्या काळजीनं.