तुलनेचा माणूस

जेवणाच्या टेबलावर नऊ वस्तू होत्या: तीन माहितीपत्रकं, एक स्टॉपवॉच, एक मोजपट्टी, दोन पेन्सिली, अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास आणि आईचा चष्मा. चष्म्याचा विषयाशी काही संबंध नव्हता. पण तो समोर होता, आणि समोर असलेलं न मोजणं चिमीच्या स्वभावात बसत नव्हतं.

चिमी हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा ती मूठभर होती म्हणून पडलेलं. आता स्वयंपाकघराच्या दारातून जाताना तिला मान किंचित झुकवावी लागे, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती वर्षभर एका जिमच्या काउंटरवर बसत होती. लॉकरच्या किल्ल्या द्यायच्या, ओले टॉवेल मोजून घ्यायचे आणि कुणी विचारलं की "सर आत आहेत" म्हणायचं, एवढं काम. ते सर, म्हणजे जिमचे ट्रेनर, अडीच महिन्यांनी नोकरी सोडून जाणार होते.

"तुला त्या जागेवर घेते," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "पण प्रमाणपत्र पाहिजे. त्याशिवाय मी कुणाला लोकांच्या गुडघ्यांजवळ उभं करणार नाही. कोर्स ठरव आणि सांग."

चिमीला आयुष्यात पहिल्यांदाच एखादी नोकरी मनापासून हवी होती. म्हणूनच तिला कोर्स ठरवता येईना.

पहिलं माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचं होतं. त्यावर एक माणूस दंड दाखवत हसत होता आणि दोन शनिवार-रविवारांत घरबसल्या ट्रेनर व्हा, असं म्हणत होता. दुसरं जाडजूड. त्यात स्नायूंची रंगीत चित्रं, चारशे पानांचं पुस्तक घरपोच आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. तिसरं म्हणजे एक झेरॉक्स, तीही तिरकी आलेली. तीन महिने, आठवड्यातून चार संध्याकाळी, प्रत्यक्ष माणसांबरोबर काम. खाली हाताने लिहिलं होतं, 'नमुना धडा नाही. येऊन बघा.'

तिने पहिल्या कोर्सवाल्यांना फोन लावला.

"तुमच्या प्रमाणपत्राला मान्यता कुणाची आहे?"

"मॅडम, प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळतं."

"ते कळलं. पण मान्यता?"

"आणि मॅडम, फोटो रंगीत."

दुसऱ्या कोर्सवाल्यांना तिने विचारलं, व्यायाम करताना कुणाला चक्कर आली तर काय करायचं, ते शिकवता का? पलीकडची बाई म्हणाली, "हो तर. पान तीनशे बारा."

मालकीणबाई रोज विचारायच्या, "ठरलं?" पंधरा दिवस नकार ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, कोर्स निवडतेयस की घर बांधायला जमीन?"

शेवटी चिमीने विज्ञानाला शरण जायचं ठरवलं. पहिल्या दोन्ही कोर्सनी 'पन्नाशीपुढच्या नवशिक्यांसाठी' असा एकेक नमुना धडा पाठवला होता. तो माणसांवर करून बघायचा. ज्याचा माणूस जास्त सुधारेल, तो कोर्स चांगला. तिसऱ्याचा नमुनाच नव्हता, म्हणजे पुरावा नव्हता, म्हणून झेरॉक्स बाद. तिने ती घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं.

माणसं घरातच होती. पहिला धडा आईला, दुसरा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूला.

"आणि मी?" आरामखुर्चीतून बाबांनी विचारलं.

बाबा नकाशे काढणाऱ्या कचेरीतून वर्षापूर्वी निवृत्त झाले होते, आणि बहुधा त्याच संध्याकाळी त्या खुर्चीत बसले होते. खुर्चीच्या दोन्ही हातांवरचं रेक्झिन त्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालं होतं, कारण उठताना ते दोन्ही हात टेकून, "हं... अं" असा आवाज काढून उठत. तो आवाज गेल्या वर्षभरात लांबत चालला होता. चिमीने ते मोजलं नव्हतं. मोजायचं तिच्या मनात येई आणि ती दुसरंच काहीतरी मोजायला घेई.

"तुम्ही तुलनागट, बाबा."

"एकटा माणूस गट कसा?"

"म्हणजे तुम्ही काहीच करायचं नाही. जसे आहात तसेच राहायचं. मग त्या दोघींची तुमच्याशी तुलना करायची."

बाबांनी जरा विचार केला. "पस्तीस वर्षं नोकरी केली. इतकं स्पष्ट काम मला कुणी दिलं नव्हतं बघ."

परीक्षा एकच. जेवणाच्या टेबलाची सरळ, बिनहाताची खुर्ची घ्यायची. दोन्ही हात छातीवर घडी. तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येईल, तितके गुण. "अर्धं उठलेलं धरणार नाही," चिमीने बजावलं. पहिल्या दिवशी काकूचे अकरा झाले, आईचे दहा आणि बाबांचे सात. सातव्यानंतर बाबांनी खिडकीबाहेर असं पाहिलं, जणू आठवं तिकडे कुठेतरी पडलं होतं.

सहा आठवड्यांचा प्रयोग. पहिल्याच आठवड्यात तो हाताबाहेर जायला लागला.

"अहो, बल्ब गेलाय, बदला," आई म्हणाली.

"स्टुलावर चढावं लागेल."

"मग चढा."

"मी तुलनागट आहे. आकडा बिघडेल."

आईने स्टूल ओढलं, चढली, बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी धान्याची पिशवी तीन मजले वर आणायची होती. बाबांनी प्रयोगाकडे बोट दाखवलं. आईने पिशवी आणली. कचऱ्याची बादली, गच्चीवरचे कपडे, माळ्यावरची बॅग... बाबा एकेक काम विज्ञानाला अर्पण करत गेले.

"चिमे," आई धापा टाकत म्हणाली, "तुझ्या त्या गटाला सांग, जेवायचं ताट उचलायला प्रयोगाची परवानगी आहे."

"बाबा, 'जसे आहात तसे' म्हणजे पूर्वीची कामं करायचीच!"

"पूर्वी तरी हे कुठं करत होते!" आई म्हणाली, आणि चिमीचा मुद्दा तिथेच बसला.

काकूची तऱ्हा वेगळी. तिला पुस्तकी धड्यात दहा वेळा सांगितलेलं ती वीस वेळा करी, कारण खालच्या मजल्यावरच्या जावेला, म्हणजे आईला, मागे टाकायचं होतं. चौथ्या दिवशी तिची कंबर धरली. मग तिने चिमीला न सांगता आईशी सौदा केला. आईच्या धड्यात गाणी होती, ती काकूने घेतली आणि आपल्या धड्यातली स्नायूंची चित्रं आईला दिली. आई ती चित्रं कणीक मळता मळता बघायची आणि 'झाला व्यायाम' म्हणून सांगायची. काकू गाणी पडल्या पडल्या ऐकायची.

हे चिमीला चौथ्या आठवड्यात कळलं, तेही काकू जिन्यावरून गुणगुणत आली म्हणून. ते गाणं पहिल्या कोर्सचं होतं.

"काकू, तुझ्या धड्यात गाणं नाहीये!"

"मग तोच दोष आहे तुझ्या धड्याचा, प्रोफेसर. लिहून घे."

चिमीला रडू यायचं बाकी राहिलं. इकडे दोन्ही धड्यांची सरमिसळ झालेली, तिकडे आईच्या आकड्यात बाबांच्या आळसाचा वाटा मिसळलेला. त्या दोघींना परीक्षेला बसवायलाही वेळ मिळेना. आज पाहुणे, उद्या डोकं दुखतंय. सबंध प्रयोगात एकच माणूस शहाण्यासारखा नेमून दिलेलं करत होता. नेमून दिलेलं काहीच नव्हतं, हा भाग वेगळा.

निदान तुलनेचा आकडा तरी तिने पक्का ठेवला होता. सुरुवातीपासून ती रोज संध्याकाळी जिममधून आली की बाबांना त्या सरळ खुर्चीत बसवायची आणि तीनदा परीक्षा घ्यायची. तिन्हींची सरासरी काढायची. शेजारी उभी राहून ती सूचना देई, "पाय जरा मागे घ्या. पाठ ताठ. बसताना धपकन नको, हळू. श्वास सोडत उठा, बाबा. थकलात? मिनिटभर थांबू." आकडे अचूक यायचे तर पद्धत अचूक हवी, एवढाच तिचा हेतू.

सहावा आठवडा संपला. टेबल बाजूला सरकवलं. आई, काकू आणि बाबा रांगेने उभे राहिले.

आईचे अकरा झाले. काकू नऊवर थांबली आणि कंबर धरून म्हणाली, "खुर्ची बदलली असणार."

बाबा बसले. हात छातीवर. चिमीने स्टॉपवॉच दाबलं. बाबा उठले, बसले, उठले. "हं... अं" कुठेच नाही.

"पंधरा," चिमी म्हणाली, आणि स्टॉपवॉच कानाला लावून पाहिलं. "बाबा, खरं सांगा. चोरून व्यायाम केलात?"

"अजिबात नाही."

"टेकडीवर गेलात?"

"अगं, मी खालच्या दुकानात तरी गेलोय का? आईला विचार."

"नाही गेले," आई ज्या सुरात म्हणाली, तो पुरावा कुठल्याही न्यायालयात टिकला असता.

"मग सातावरून पंधरा कसे झाले?"

बाबा ओशाळले. प्रयोग आपल्यामुळे बुडाला, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "मी काही केलं नाही, बाळा. तू रोज म्हणायचीस तेवढंच. फक्त..."

"फक्त काय?"

"दुपारी बसल्या बसल्या वाटायचं, काल नऊ झाले, आज दहा व्हायला हवेत. तू दमून यायचीस. आल्यावर तुला बरा आकडा दिसावा, असं वाटायचं. एरवी सात वाजता या घरात माझं कुणाकडे काही काम नसतं."

चिमीने हातातलं स्टॉपवॉच पाहिलं. ते अजून चालूच होतं. रोज तीन परीक्षा, सहा आठवडे, शेजारी उभं राहून. आपण बाबांना मोजतोय, असं ती समजत होती. पाठ ताठ, हळू बसा, श्वास सोडा. हे दोन्ही नमुना धड्यांतही छापलेलं होतंच. आईनेही वाचलं होतं, काकूनेही. फरक छापील ओळींत नव्हता. त्या दोघींच्या शेजारी कुणी उभं नव्हतं.

ती खाली वाकली आणि टेबलाच्या पायाखालची झेरॉक्स काढली. टेबल पुन्हा डगमगू लागलं. घडीच्या मधोमध लाकडाचा गोल ठसा उमटला होता. 'येऊन बघा' मात्र वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंना गाठलं.

"तीन महिने?" त्यांचा आवाज चढला. "अगं, तो दोन शनिवार-रविवारवाला आहे ना? पंधरा दिवसांत सर जातील. तोवर तुझं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं असतं!"

"लागलं असतं. पण ते मिळूनही मला माणसाशेजारी उभं राहता आलं नसतं."

"आणि मी दुसऱ्या कुणाला घेतलं तर?"

"तर घ्या," ती म्हणाली. "मी किल्ल्या देत राहीन. पण कोर्स हाच करीन."

मालकीणबाईंनी तिच्याकडे, मग किल्ल्यांच्या बोर्डाकडे पाहिलं. "तुला काही सांगून उपयोग नाही. ठीक आहे. तीन महिने मी स्वतः आत उभी राहते. पण प्रमाणपत्र येईपर्यंत तू एका गुडघ्याजवळही जायचं नाहीस."

"घरातले चालतील?"

"घरातले तुझे तू बघ."

पहिल्या संध्याकाळी बाबा बरोबर आले. "मी आपला बघायला. तिथे लिहिलंय ना, येऊन बघा." जिने चढताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही, आणि तो लावला नाही हे चिमीला दिसेल अशा बेताने चढले.

वर्ग म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरची लांब खोली. भिंतीशी गुंडाळलेल्या चटया आणि मधे सरळ, बिनहाताच्या खुर्च्यांची रांग. शिकवणाऱ्या बाई आखूड केसांच्या, पन्नाशीच्या. त्यांनी स्वागताचं भाषण केलं नाही. "दुसऱ्याला मोजायला शिकण्याआधी स्वतःला मोजून घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तीस सेकंद. जोडीदार वेळ लावेल. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"वडील. पण ते फक्त..."

बाईंनी स्टॉपवॉच बाबांच्या हातात दिलंसुद्धा.

चिमी खुर्चीत बसली. वर्षभर ती काउंटरच्या उंच स्टुलावर बसत आली होती, आणि सहा आठवडे इतरांच्या शेजारी हातात घड्याळ घेऊन उभी होती. या खुर्चीवर परीक्षेसाठी ती पहिल्यांदाच बसत होती.

"हात छातीवर," बाबा म्हणाले. "पाय जरा मागे. पाठ ताठ. बसताना धपकन नको."

"बाबा, मला माहितीये."

"श्वास सोडत उठायचं. आणि अर्धं उठलेलं धरणार नाही."

त्यांनी बटण दाबलं.

"शेवटचं धरा ना, बाबा," तीस सेकंदांनी चिमी धापा टाकत म्हणाली.

बाबांनी मान हलवली, बाईंकडून पेन्सिल मागून घेतली आणि फळ्याशेजारच्या तक्त्यावर, तिच्या नावापुढच्या रकान्यात, नकाशावर लिहीत असत तशा सरळ, सुबक अक्षरात आकडा भरला: बारा.