रेज पॅगेट रानात गेला

रेज पॅगेट फेब्रुवारीपासून फ्रिजवर होता. विद्युतदाहिनीवाल्यांनी त्याला हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरून दिलं होतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये बरणी ठेवायला दुसरी जागा नव्हती. फ्रिज सुरू झाला की झाकण थरथरायचं. हिल्डाला वाटायचं, नवरा कुरकुर करतोय. जिवंतपणीही तो याच फ्रिजबद्दल कुरकुर करायचा.

"मला या खुराड्यात ठेवू नकोस," एवढंच त्याने शेवटी मागितलं होतं. "कोल्डहँगरला ने. ओढ्याकडच्या उतारावर."

कोल्डहँगरच्या रानात रेजने उभी हयात हेझलची झाडं तोडली. बुंध्याशी तोडायची, फुटवे येऊ द्यायचे, ते वाढले की पुन्हा तोडायची. अशी तोड होते म्हणून तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतं, आणि ऊन पोचतं म्हणून दर वसंतात ब्लूबेलची निळी फुलं येतात. ती बघायला अर्धं लंडन मोटारी घेऊन येतं. रेजचे गुडघे गेले तेव्हा रानाच्या मालकांच्या इस्टेटीने त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि राहतं घर काढून घेतलं. त्या घरावर आता 'लाकूडतोड्याची झोपडी' अशी पाटी आहे. सुट्टीवर आलेली माणसं तिथे गरम पाण्याच्या टबात बसून वाइन पितात. लाकूडतोड्या चौथ्या मजल्यावर मेला.

हिल्डाने इस्टेटीच्या ऑफिसात रीतसर फोन करून परवानगी मागितली होती. एका गोड आवाजाने सांगितलं की राख मातीला मानवत नाही, ब्लूबेल फार नाजूक असतात, एकाला हो म्हटलं की सगळेच आपापले नवरे घेऊन येतील, आणि आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत.

"सहभागी?" रेजची थोरली बहीण मॅव्हिस म्हणाली. "मग म्हणावं, अर्धी बरणी तुझ्या फ्रिजवर ठेव."

मॅव्हिस ऐंशी पार केलेली बाई. तिला भीती उरली नव्हती आणि कानही फारसे उरले नव्हते. चोरून जायचं हे तिनेच ठरवलं. रानात शिरायची शनिवारची तिकिटंही तिनेच काढली, आणि काढली तीन.

"तीन कशाला?"

"आपण दोघी आणि तो. पॅगेटांच्यातला कुणी फुकट घुसला, असं ऐकून घ्यायचं नाहीये मला."

बरणी मॅव्हिसच्या बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत बसली. वरून रेजची टोपी टाकली, त्यावर चादरीची घडी. बसमध्ये दोघींच्या मध्ये पिशवी उभी होती आणि हिल्डाने तिला हाताने धरून ठेवलं होतं, वळणावर पडू नये म्हणून.

रानाच्या फाटकाशी फिलिपा उभी होती. हिरवं जाकीट, छातीवर नाव, नावाखाली 'मला विचारा'. निवृत्त झालेली, दयाळू बाई. दया करायला माणूस शोधत फिरणाऱ्यांतली.

"तीन तिकिटं दिसतायत," फिलिपा म्हणाली. "तुम्ही तर दोघीच."

हिल्डाने तोंड उघडलं. मागे रांग होती, रांगेत बाळं, कुत्री, कॅमेरे. आमच्याकडे माणूस मेलेला चालतो, रांग अडलेली चालत नाही. आणि 'मेला' हा शब्दही आमच्याकडे कुणी तोंडाने काढत नाही. माणूस जातो. भरपूर माणसं जातात, पण मरत कुणीच नाही.

"माझे मिस्टर... गेले," हिल्डा म्हणाली.

"असं? पुढे गेले?"

मागून कुणीतरी अगदी सभ्यपणे खोकलं. हिल्डाने मान हलवली. "हो. पुढे गेले."

एवढंच झालं. एका खोकल्यापायी.

उतारापर्यंत पोचायलाच दोघींचा दम निघाला. चिखलात पिशवीचं चाक रुतायचं, मॅव्हिस लाथ घालायची आणि मग म्हणायची, "तुला नाही रे, चाकाला." वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर लावले होते आणि दर थोड्या अंतरावर पाटी होती: वाट सोडू नका, फुलं दुखावतात. दोरापलीकडे ओकच्या नव्या पालवीखाली सगळी जमीन निळी झाली होती. हिल्डाने एक पाय दोरापलीकडे टाकला. दुसरा पाय उचलेना. ती दोरावर अशी घोड्यावर बसल्यासारखी अडकलेली असतानाच फिलिपा मागून आली.

"सापडले का हो तुमचे मिस्टर?"

"नाही," हिल्डा म्हणाली.

"अरे देवा. म्हणून तुम्ही दोर ओलांडताय. वय काय त्यांचं?"

"एक्याऐंशी."

"तब्येत?"

"फुप्फुसं कामातून गेलेली."

"अंगावर काय आहे?"

"तपकिरी सूट," मॅव्हिस म्हणाली. दाहिनीत जाताना त्याच्या अंगावर तोच होता.

"फोन आहे जवळ?"

"नाही."

"चालणं कसं आहे?"

"आता काही नाही," हिल्डा म्हणाली आणि तिला रडू आलं.

तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. फिलिपाने कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि चार पावलं बाजूला गेली.

"सांगून टाकू का?" हिल्डाने विचारलं.

"सांग. मग ती ही पिशवी उघडेल, आणि रेज जाईल त्या गोड आवाजाच्या टेबलावर. परत द्यायचा की नाही ते इस्टेट ठरवेल."

हिल्डाने पाय दोरावरून परत घेतला.

अर्ध्या तासात चहाच्या तंबूत माणसं जमली. जाकीटवाले स्वयंसेवक, कुत्रे फिरवायला आलेले, लंडनचे फोटोवाले, सगळे. आमच्या माणसाला शेजारी मेला तर आठवडाभर कळत नाही, पण हरवला म्हणा, लगेच बूट घालतो. दोघींना खुर्चीत बसवलं, अंगावर चंदेरी कागदासारखी पांघरुणं टाकली, हातात चहा दिला. उतारावर जायला आता सगळ्या गावाला मुभा होती, त्या दोघी सोडून.

मग फॅन्शॉसाहेब आले. रान त्यांचं, ओढा त्यांचा, झोपडी आणि टबही त्यांचाच. शिकारी टोपी, चिखलाचे बूट, आणि चिखलसुद्धा महागातला वाटावा असा.

"पॅगेट?" ते म्हणाले. "आपला रेज?"

"तुम्ही ओळखता?" कॉन्स्टेबल डडलीने विचारलं. हा तालुक्याच्या चौकीवरून आलेला पोलीस. सोबत एक कुत्री होती, तिचं नाव टॅन्सी.

रेजने या माणसाकडे आणि त्याच्या बापाकडे आयुष्य घातलं होतं. तो जिवंत आहे की मेला, हे साहेबांना माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला मात्र जीभ रेटेना. समोर त्याची बायको बसलेली आणि भोवती पन्नास माणसं ऐकतायत.

"अहो, ओळखता काय," साहेब म्हणाले. "परवा मंगळवारीच भेटला फाटकापाशी. अगदी ठणठणीत. ओकच्या झाडांबद्दल बोललो आम्ही बराच वेळ."

मॅव्हिसने कानातलं यंत्र काढलं, फुंकलं आणि परत बसवलं. "काय म्हणाला तो?"

"मंगळवारी भेटला म्हणे रेज."

"मला नाही सांगितलं त्याने," मॅव्हिस म्हणाली.

साहेबांनी पाहिला म्हटल्यावर इतरांनाही तो दिसू लागला. लंडनच्या एका जोडप्याला तपकिरी सूटवाला म्हातारा ओढ्याकडे जाताना दिसला होता. दुर्बीणवाल्या एका गृहस्थाने त्याच्याशी हवापाण्याच्या दोन गोष्टीही केल्या होत्या. म्हातारा जरा तुसडा वाटला म्हणे. तेवढं वर्णन मात्र तंतोतंत जुळत होतं.

डडलीने वासासाठी काहीतरी मागितलं. मॅव्हिसने पिशवीतून टोपी काढून दिली. टॅन्सीने टोपी हुंगली, तंबूला एक चक्कर मारली आणि येऊन पिशवीसमोर बसली. डडलीने तिला बाहेर नेलं. ती परत आली आणि पिशवीसमोर बसली. तिसऱ्यांदा तिने पिशवीवर पंजा ठेवला आणि भुंकली.

"माफ करा," डडली ओशाळून म्हणाला. "दोन वर्षांत असं कधी केलं नव्हतं हिने." आणि त्या तंबूत खरं बोलणाऱ्या एकुलत्या एका प्राण्याला नेऊन गाडीत कोंडलं.

शेवटी मार्ग काढला तो फिलिपानेच. "घरच्या माणसाचा आवाज ऐकला की हरवलेली माणसं बाहेर येतात. तुम्ही पुढे चालाल का? हाका मारत?"

हिल्डाने मॅव्हिसकडे पाहिलं. मॅव्हिस टेबलाखाली वाकली. पर्समधली नखं कापायची कात्री, बरणीचं झाकण आणि पिशवीचा खालचा कोपरा, एवढी सगळी उस्तवार त्या म्हातारीने चहाचा घोट घेता घेता उरकली.

"पिशवी राहू द्या की इथे," साहेब म्हणाले. "मी ओढतो तर."

"त्याची औषधं आहेत," हिल्डा म्हणाली आणि दांडा घट्ट धरला.

दोर काढले. हिल्डा पुढे निघाली, आणि तिच्या मागे हाताच्या अंतराने शंभरेक माणसांची ओळ निळ्या फुलांत उतरली. बूट, काठ्या, कुत्री. पाट्या लावणारेही त्यात होते. देठ मोडल्याचा चरचर आवाज येत होता. राखेने दुखावणारी फुलं बुटांखाली निमूट चिरडली जात होती, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं.

"रेज," हिल्डाने हाक मारली.

"रेऽज," मागून शंभर आवाज आले.

त्याच्या अंत्यविधीला सगळी माणसं एका बाकावर मावली होती. पाद्र्याने दोनदा नाव चुकवलं होतं. आता सगळं रान त्याचं नाव घेत होतं, आणि साहेब टोपी हातात घेऊन चालत होते. पिशवी हेझलच्या बुंध्यांना ठेचकाळत होती. प्रत्येक ठेचेला थोडा रेज खाली उतरत होता.

"ताई, पिशवीतून काहीतरी सांडतंय," फिलिपा म्हणाली.

"मांजराची वाळू," मॅव्हिस म्हणाली. "सांडू दे."

ओढ्याच्या काठावर पोचेपर्यंत पिशवी हलकी झाली. हिल्डाने ती उचलून झटकली, आणि तिथेच उभी राहून बराच वेळ हमसून रडली. सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, कारण तेच आमच्याकडे सभ्यपणाचं समजतात.

मग तिने डोळे पुसले आणि डडलीला हाक मारली. आता कुणी काही हिसकावून घेणार नव्हतं.

"माझा नवरा मेला आहे," ती म्हणाली. "फेब्रुवारीत मेला. थांबवा हे."

डडलीने वही बंद केली. मग फॅन्शॉसाहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही मंगळवारी भेटलात म्हणालात."

साहेबांचा चेहरा हळूहळू लाल झाला. लंडनचं जोडपं बघत होतं, फिलिपा बघत होती. एका शब्दाचं काम होतं.

"हो," साहेब म्हणाले. "भेटलो."

"नक्की?"

"प्रश्नच नाही."

फिलिपाने हिल्डाच्या खांद्यावरचं चंदेरी पांघरूण नीट केलं. "धक्का बसलाय बिचारीला," ती हळूच म्हणाली. "माझ्या आईचं असंच झालं होतं. जिवंत माणसांना मेलं म्हणायची."

"अगं बये, खरंच मेलाय तो," मॅव्हिस म्हणाली. "माझा भाऊ आहे, मला माहीत नसणार?"

"हो ना, आजी," फिलिपा म्हणाली, आणि दोघींसाठी खुर्च्या मागवल्या.

मृत्यूची नोंद बघायची तर ते ऑफिस सोमवारी उघडणार. शनिवारी कागदावर एकच गोष्ट पक्की होती: एक प्रतिष्ठित गृहस्थ, आणि त्यांनी दिलेला शब्द. डडलीने साहेबांकडे ओढ्यातला गाळ ढवळायचा लांब बांबू दिला.

"तुम्हीच त्यांना शेवटचं पाहिलंत, साहेब. आणि माणसं कमी पडतायत."

नाही कसं म्हणणार. साहेब उतरले. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, मग बुटांत पाणी शिरल्याचा आवाज झाला. मे महिन्यातही आमच्या ओढ्याचं पाणी हाडं फोडतं. ते बांबू खुपसत होते आणि थरथरत्या आवाजात हाका मारत होते, "रेज. रेज, बाबा रे."

हिल्डाने खुर्ची ओढ्याकडे वळवली.

"पुन्हा सांगून बघू का त्याला?" मॅव्हिसने विचारलं.

"एकदा सांगितलं ना."

साहेबांनी वर पाहिलं. ओठ निळे पडले होते. "बाई, काळजी करू नका," ते म्हणाले. "आम्ही त्याला शोधून काढू."

हिल्डाने दोन्ही हातांत चहाचा कप धरला. काठावरच्या चिरडलेल्या फुलांत, साहेबांच्या हाताजवळच, करड्या राखेची बारीक रेघ पाण्यापर्यंत गेली होती.

"नीट बघा, साहेब," ती म्हणाली. "तिथंच आहे तो."